उंबरातला हिस्सा

विषय: वानरीणबाईंना उंबराच्या झाडात हिस्सा मिळण्याबाबत.

जनावरे बोलत आणि माणसे ऐकून घेत, त्या काळातले हे प्रकरण. माणूस उंबर तोडायला निघाला. त्यावर वानरिणीची पिल्ले झोपत. तिने रानाचे पंच कासवदादा यांच्याकडे अर्ज केला, की माणूस आमचा भाऊबंद आहे, झाड सामाईक आहे.

"आमच्या घराण्यात शेपटी कुणालाच नाही," माणूस म्हणाला.

"कण्याच्या टोकाला हात लावून बघ, बाबा. खुंट अजून आहे," वानरीण म्हणाली.

माणसाने चाचपून पाहिले. "बरं, भाऊबंद तर भाऊबंद. पण थोरली पाती आमची!"

थोरले कोण, हे सांगायला कासवदादांनी दोघांच्या मूळ आजीला साक्षीस बोलावले. तिला वारून कोट्यवधी वर्षे झाली आहेत. दरम्यान उंबर तुटला. अर्ज विचाराधीन आहे.