दुसरा तुकडा

बकुळच्या घरात गूळ असे, नारळ असत, वेलचीचा गोड वास दरवळे. पण त्यातलं काहीच तिचं नसे. ते सगळं लोकांचं. डोंगराच्या पायथ्याशी, देवराईला लागून, मातीचं एक इवलंसं घर होतं. त्यात इवलीशी बकुळ आणि तिची गोदाआत्या राहत. बकुळला आईबाप नव्हते. आत्या गावाला धोंडस करून देई आणि मोबदल्यात मिळालेल्या तांदळावर दोघींचं कसंबसं भागे.

धोंडस म्हणजे तवशाचा, त्या मोठ्या पिवळ्या काकडीचा, गोड केक. किसलेलं तवसं, तांदळाचा रवा आणि गूळ जाड पातेल्यात घालायचा. पातेलं निखाऱ्यांवर ठेवायचं आणि झाकणावरही लाल लाल निखारे पसरायचे. वरून लाली, खालून लाली, आणि मधे हळूहळू सोनेरी होत जाणारं धोंडस. कुणाचं बारसं असो की कुणाची पूजा, धोंडस गोदाआत्याच्याच हातचं.

गावात एक रीत होती. धोंडस देवाला दाखवलं की पहिला तुकडा ते करणारीच्या हातावर ठेवायचा. तिने खाल्ला की मग बाकीच्यांनी खायचं. रीत चांगली होती. ती घालणाऱ्यांनी प्रेमानेच घातली असणार.

पण आत्याला मधुमेह झाला. या आजारात साखर रक्तात साचून राहते आणि हळूहळू सगळ्या शरीराला त्रास देते. आत्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला ठेच लागली होती, ती जखम काही केल्या भरेना.

"गोदाबाई, गोळ्या घेता ना?" दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी विचारलं.

"घेते."

"आणि गोड?"

"शिवतसुद्धा नाही. फक्त प्रसाद तेवढा."

"आणि प्रसाद कधी असतो?"

आत्या पायाकडे बघू लागली. बकुळच हळू आवाजात म्हणाली, "कुणाकडे ना कुणाकडे असतोच."

डॉक्टरबाईंनी पट्टी बांधली. मग त्या म्हणाल्या, "पोटात गेल्यावर प्रसादाचीही साखरच होते, गोदाबाई. हे असंच चाललं तर हा पाय वाचवणं माझ्या हातात राहणार नाही."

घरी परतताना आत्या काठी टेकत चालत होती. बकुळ म्हणाली, "आत्या, पुढच्या वेळी नको म्हण ना."

"प्रसादाला नको म्हणू नये, बाळा. आणि प्रसाद बाधत नाही."

सगळं गाव असंच म्हणे. पण हे म्हणताना आत्याचा आवाज थोडा कापला, आणि तो बकुळने ऐकला.

मग देवराईचा उत्सव जवळ आला. आत्याला चुलीपाशी उभं राहवेना. ती म्हणाली, "यंदा हात तुझे, बोल माझे. मी बसून सांगते, तू कर." हात कुणाचेही असले तरी धोंडस आत्याचंच, असं गाव मानी. म्हणजे पहिला तुकडा तिच्याच हातावर येणार. आणि तो बकुळने केलेला असणार. हा विचार बकुळच्या मनात आला मात्र, ती उठली आणि देवराईत गेली.

देवराईत दुपारीही हिरवागार काळोख असतो. त्या काळोखात उन्हाचे चिमुकले कवडसे नाचत होते. शेवाळावर मखमल होती, कोळ्याच्या जाळ्यांवर दवाचे मणी होते, आणि लालचुटुक, शेंदरी, जांभळी रानफळं पानांआडून डोकावत होती. पण देवराईतून काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही, हे गावातल्या तान्ह्या मुलालाही ठाऊक असतं. बकुळने कशालाच हात लावला नाही. एका दगडावर बसून ती रडू लागली.

"का रडतेस गं, चिमणे?"

समोरच्या नेच्याच्या पानावर एक परी बसली होती. करंगळीएवढी. तिच्या पंखांचा रंग सांगणं कठीण आहे. पोपटी म्हणावा तर मोरपंखी दिसे, मोरपंखी म्हणावा तर सोनेरी. खरं म्हणजे तो रंग नसून उजेडच असावा.

बकुळने डोळे पुसले. "माझ्या आत्याचा मधुमेह घालवशील?"

परीने मान खाली घातली. "ते मला येत नाही. आजाराला औषध लागतं, पथ्य लागतं, वेळ लागतो. माझ्याकडे फक्त थोडासा उजेड आहे. दुसरं काही माग. एकच माग."

बकुळने पुष्कळ वेळ विचार केला. नवा परकर हवा होता. पावसात गळणारं छप्पर शाकारून हवं होतं. पण ती म्हणाली, "असं काहीतरी दे, की आत्याला प्रसाद घेता येईल आणि तिचा पायही राहील."

परी उडत तिच्या गुडघ्यावर येऊन बसली. "इथलं फळ मी तुला देऊ शकत नाही. पण तुझ्या हाताला चव देईन. गूळ घालू नकोस, साखर घालू नकोस. मधही नको."

"मध तर औषध असतो ना?"

"आत्याच्या रक्ताला ती साखरच. तुमच्या परसातले पेरू घे. तवसं, नाचणीचं पीठ, ओलं खोबरं, वेलची घे. विस्तव मंद ठेव. घाई केली नाही तर फळ आपली गोडी आपण होऊन देतं. पण बाळ, फळातही साखर असतेच. म्हणून माझे नियम नीट ऐक."

बकुळने मान डोलावली.

"धोंडसात काय आहे असं कुणी विचारलं तर खरं तेच सांगायचं. आत्याला द्यायचा तुकडा तिच्या तळहाताच्या खळग्यात मावेल एवढाच. तिला दुसरा तुकडा द्यायचा नाही. कुणी रागावून सांगितलं तरी नाही, तिने स्वतः मागितला तरी नाही. दिलास तर तुझ्या हाताची चव जाईल, ती परत येणार नाही."

"एवढंच?"

"एवढंच," परी म्हणाली. "पण ते सोपं नाही." तिने बकुळच्या दोन्ही तळहातांवर ओठ टेकले. तिथे दोन चिमुकल्या चांदण्या चमकल्या आणि कातडीत विरघळून गेल्या.

बकुळ देवराईतून निघाली ती थेट दवाखान्यात गेली. परीचं नाव तिने काढलं नाही. फक्त काय काय घालणार ते सांगितलं आणि आपल्या हातावर बोटाने माप दाखवलं. डॉक्टरबाईंनी थोडा विचार केला. "एवढासा तुकडा चालेल. त्या दिवशी भात मात्र कमी. आणि एवढासा म्हणजे एवढासाच."

उत्सवाच्या दिवशी पहाटेच बकुळने चूल पेटवली. पेरू मऊ शिजवून त्यातल्या बिया गाळून काढल्या. गुलाबी गर, पिवळसर कीस, तपकिरी पीठ आणि शुभ्र खोबरं तिने एकत्र कालवलं. निखारे वर पसरले, खाली पसरले. विस्तव जरा वाढला की ती राख घाली. हळूहळू झाकणाच्या फटीतून असा काही वास आला, की कोपऱ्यात बसलेल्या आत्याने सांगणंच थांबवलं.

देवराईच्या तोंडाशी सगळं गाव जमलं होतं. भिकाजी गुरवांनी पातेल्याचं झाकण काढलं आणि ते थबकले. "रंग निराळा दिसतो. गूळ कुठला गं हा?"

बकुळ पुढे आली. "गूळ नाही घातला, काका. साखरपण नाही. पेरू आहेत."

शेजारची वच्छीकाकी पदर सावरत पुढे आली. "अगोड धोंडस देवाला? देवाला काय पथ्य सांगितलंय डॉक्टरांनी?"

लोक हसले. गुरव मात्र हसले नाहीत. "पोरीने खरं सांगितलं. देवाला खरं चालतं," असं म्हणून त्यांनी नैवेद्य दाखवला आणि रीतीप्रमाणे मुठीएवढा तुकडा कापला.

"काका, मी देते," बकुळ म्हणाली. तिने त्यातला छोटुकला तुकडा मोडला आणि आत्याच्या तळहाताच्या खळग्यात ठेवला. तो तिथे नेमका मावला.

आत्याने तो तोंडात घातला. तिने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं.

"गोड आहे गं," ती म्हणाली. "किती दिवसांनी न भिता खाल्लं."

तेव्हा बकुळला कळलं, की आत्या प्रत्येक प्रसाद भीत भीत खात होती.

"एवढासा काय तो?" वच्छीकाकी म्हणाली. "चिमणीला दाणा घालतेस की काय? घ्या गोदाताई, आणखी एक घ्या." तिच्या मागून दुसऱ्या म्हणाल्या, तिसऱ्या म्हणाल्या. सगळ्यांच्या डोळ्यांत माया होती. आणि आत्याने हळूच हात पुढे केला.

"दे, बाळा. एकच."

याच हाताने बकुळला वाढवलं होतं. या हाताने तिच्यापाशी कधी काही मागितलं नव्हतं. बकुळला हाताची चव आठवली नाही की परी आठवली नाही. तिला फक्त आत्याच्या पायाची पट्टी दिसत होती.

"नाही, आत्या."

"प्रसादाला नाही म्हणते!" वच्छीकाकी म्हणाली. "शिंगं फुटली पोरीला."

"प्रसाद झाला, काकी," बकुळ म्हणाली. तिचा आवाज लहान होता, पण सगळ्यांना ऐकू आला. "हा दुसरा तुकडा आहे. हा आपला आग्रह आहे. आत्याचा पाय गेला तर तुम्ही सगळ्या आमच्या घरी येऊन रडाल. तुम्ही चांगल्या आहात. पण मग पाय परत येणार नाही."

आत्याचा हात तसाच पुढे राहिला. मग तिने एकेक बोट मिटलं आणि हात मांडीवर ठेवला. तिने बकुळकडे पाहिलं नाही.

गुरवांनी सुरी खाली ठेवली. "इथून पुढे पहिला तुकडा करणारीने स्वतः घ्यायचा, आपल्या मापाने," ते म्हणाले. "आणि तिला दुसरा कुणी देऊ नये."

वच्छीकाकीने प्रसाद खाल्ला. "वेलची जरा कमी चालली असती," ती पुटपुटली आणि स्वतःसाठी आणखी एक तुकडा घेतला.

घरी आल्यावर आत्या पाय पसरून कोपऱ्यात बसली. दिवे लागले तेव्हा तिने बकुळला जवळ ओढलं आणि म्हणाली, "मला जमलं नसतं ते तू केलंस." मग दोघी रडल्या.

पुढे पथ्य चाललं, गोळ्या चालल्या, पट्ट्या बदलल्या. आता आत्याला कुणी आग्रह करत नसे. जखम भरायला फार वेळ लागला. पण एका सकाळी डॉक्टरबाईंनी पट्टी काढली ती पुन्हा बांधलीच नाही. "पाय राहिला," त्या म्हणाल्या. "आणि बकुळ, माझ्याकडे असे पुष्कळ लोक येतात, ज्यांना सणाच्या दिवशी नुसतं बघत बसावं लागतं. त्यांच्यासाठी करशील का?" बकुळ करू लागली. लांबून माणसं येऊ लागली. छप्पर शाकारलं गेलं, डब्यात तांदूळ राहू लागला.

पट्टी सुटली त्या सकाळी मात्र दवाखान्यातून येताना आत्या काठीशिवाय चालत होती. देवराईपाशी नेच्याच्या पानावर काहीतरी लुकलुकलं.

"चव आता तुझीच," परी म्हणाली. "मी फक्त ती तुझ्या हातात ठेवायला आले होते."

"पुन्हा येशील?"

परी पानावरून उडाली. तिचे पंख पोपटी झाले, मोरपंखी झाले, सोनेरी झाले, आणि मग रंग राहिलेच नाहीत. नुसता उजेड झाला. तो झाडांमधून पसरत पायवाटेवर आला. पुढे आत्या सावकाश चालली होती, आणि ओल्या मातीत तिच्या दोन्ही पावलांचे ठसे उजळत होते.