पाथरवटांच्या खाणीतला दंतकार

शालवती नगरीवर अरिंदम राजाची सत्ता होती, त्या काळची ही गोष्ट. बुद्ध होण्याआधीच्या त्या जन्मी बोधिसत्त्व दंतकारांच्या, म्हणजे हस्तिदंत कोरणाऱ्या कारागिरांच्या कुळात आला होता आणि त्याचे नाव रेवतक होते.

नगरीच्या पूर्वेला दंतकारांची आळी होती. ऐंशी घरांची. फण्या, आरशांच्या मुठी, काजळाच्या डब्या, पलंगांचे पाय असे जे जे हस्तिदंताचे म्हणून दूरदेशी जाई, ते या आळीतून जाई. एका धंद्यातल्या लोकांच्या संघाला तेव्हा श्रेणी म्हणत आणि संघाच्या प्रमुखाला ज्येष्ठक. बोधिसत्त्व चाळिशीतच ज्येष्ठक झाला. त्याच्या तोडीचा हात आळीत फक्त सोमिलचा होता. सोमिल वयाने वीस वर्षांनी मोठा, पण इतका तापट की त्याला प्रमुख करायला कोणी धजावत नसे.

हस्तिदंत रानातून येत. रानातले लोक सुळे धुऊन, गवतात गुंडाळून वेशीपर्यंत आणीत. रानातला हत्ती आळीतल्या कोणी पाहिलेला नव्हता. बोधिसत्त्वानेही नाही.

एका वर्षी राजा अरिंदम सैन्यासाठी हत्ती धरायला रानात गेला. महिनाभर हिंडून त्याला चार हत्ती मिळाले. एका पाणवठ्यावर मात्र सुळे कापून नेलेल्या तीस हत्तींचे सांगाडे पडलेले त्याने पाहिले. उरलेले कळप डोंगरापलीकडे निघून गेल्याचे माहुतांनी सांगितले. राजाला दया आली की सैन्याची काळजी वाटली, हे कोणाला नक्की सांगता आले नाही. बहुधा दोन्ही असावे. परत येताच त्याने दवंडी पिटवली. येत्या पौर्णिमेपासून राज्यात सुळा कापणे, विकणे आणि कोरणे बंद. ज्यांच्याकडे साठा असेल त्यांनी तो पौर्णिमेआधी विकून टाकावा, नाही तर राजाच्या कोठारात जमा करून वर्षभराचे धान्य घेऊन जावे.

दुपारपर्यंत आळीतल्या करवती थांबल्या. संध्याकाळी सगळी श्रेणी बोधिसत्त्वाच्या अंगणात जमली.

समुद्रपार व्यापार करणारा मणिभद्र नावाचा श्रेष्ठी त्या सुमारास नगरीत होता. तोही सभेला आला. तो म्हणाला, “तुमचा साठा मी घेतो. राजा देईल त्याच्या चौपट देतो. आणि साठ्याबरोबर तुम्हीही चला. माझ्या बंदराजवळचं रान हत्तींनी भरलेलं आहे. तिथं दवंडी पिटणारा कोणी नाही. तुम्हाला घरं मी बांधून देईन.”

बरेच जण एकमेकांकडे पाहू लागले. तेवढ्यात सोमिल उठला. “कुठं जायचं नाही आणि कोणाला काही द्यायचं नाही,” तो म्हणाला. “साठा लपवून ठेवा आणि दारं लावून बसा. राणीची फणी मोडली की चार महिन्यांत दवंडी मागं घेतील.”

काही जण हसले. मग सगळे ज्येष्ठकाकडे वळले. बोधिसत्त्वाला काय बोलावे ते त्या वेळी खरोखरच सुचत नव्हते, आणि सुचल्यासारखे दाखवावे असेही त्याला वाटले नाही. तो म्हणाला, “मला सात दिवस द्या. आपला माल येतो कुठून, ते मी अजून पाहिलेलं नाही. आधी ते पाहून येतो.”

तिंदुक नावाचा रानातला माणूस वीस वर्षे त्याला सुळे आणून देत असे. बोधिसत्त्व त्याच्याबरोबर निघाला. तिसऱ्या दिवशी दोघे त्या पाणवठ्यावर पोहोचले. हाडे पांढरी पडली होती. त्यांच्यामध्ये तीन-चार वर्षांचे हत्तीचे एक पिल्लू उभे होते. ते सोंडेने एक कवटी जरा हलवी, थांबे, पुन्हा हलवी. माणसांची चाहूल लागूनही ते पळाले नाही.

“रोज येतं,” तिंदुक म्हणाला. “आई पडून वर्ष होत आलं. पाणी पितं, तिला हलवून बघतं आणि जातं.”

“गेल्या वर्षी मी मागवलेले सुळे इथलेच का?”

“इथलेच. पूर्वी दोन दिवस चाललं की हत्ती दिसायचे. आता नऊ दिवस चालावं लागतं. अजून पाच-सहा वर्षं, ज्येष्ठका. मग राजानं परवानगी दिली तरी तुला कोण आणून देणार?”

बोधिसत्त्व झाडाखाली बसला. आजवर आपल्या हातून किती सुळे गेले असतील, याचा त्याने अंदाज करून पाहिला आणि अर्ध्यावर सोडून दिला. पिल्लू निघून गेले तेव्हा तोही उठला.

सातव्या दिवशी सभा पुन्हा भरली. बोधिसत्त्व म्हणाला, “साठा राजाच्या कोठारात द्यावा, असं मला वाटतं.”

“चौपट सोडून?” कोणीतरी विचारले.

“चौपट घेतलं तर चार वर्षं बसून खाऊ, आणि तोवर कोणी दुसऱ्या कामाला हात लावणार नाही. मणिभद्रांच्या बंदराजवळचं रान आज भरलेलं आहे. आपलंही होतं. माझ्या आजोबांना सुळे वेशीपाशी मिळायचे. तिथं गेलो तरी हीच सभा पुन्हा भरेल, आणि तिथं आपण परके असू. आणखी एक आहे. मी तिथं एक पिल्लू पाहिलं. ते पाहिल्यावर माझा हात सुळ्यावर चालणार नाही. तुमच्या हातांचं मी सांगू शकत नाही. तुम्ही ते पाहिलेलं नाही.”

“मग आम्ही करायचं काय?”

“ते मला अजून ठाऊक नाही. वर्षाचं धान्य मिळेल. घराघरात माणसं मोजून ते सारखं वाटू. माझ्या घरीही तेवढंच येईल. वर्षभरात काहीतरी शोधू.”

हे उत्तर अनेकांना आवडले नाही. तीस कुटुंबे मणिभद्राबरोबर निघाली. बोधिसत्त्व त्यांना पोचवायला घाटापर्यंत गेला, श्रेणीच्या हत्यारांतला त्यांचा वाटा त्याने त्यांना दिला आणि कोणाला दोष दिला नाही. पन्नास कुटुंबे मागे राहिली. सोमिलने आपला साठा दिला, पण त्याच दिवशी दार लावून घेतले आणि कोणाशी बोलणे सोडले.

नगरीच्या उत्तरेला डोंगराच्या पायथ्याशी पाथरवटांची खाण होती. पाथरवट पाटे, उखळी, दळायची जाती आणि पायऱ्या घडवीत. दंतकारांचे आणि त्यांचे कधी येणे-जाणे नव्हते. एक बारीक कामाचे, दुसरे ठोकाठोकीचे. बोधिसत्त्व एके सकाळी तिथे गेला. पाथरवटांचा प्रमुख बलक एका शिळेवर हातोडीने हलके टोले देत होता.

“मला दगडाचं काम शिकव,” बोधिसत्त्व म्हणाला.

बलकने त्याला ओळखले. “तू ज्येष्ठक आहेस. तुला बसायला आसन कुठून आणू?”

“आसन नको. हातोडी दे.”

बलकने हातोडी खाली ठेवली. मग म्हणाला, “आमच्या माणसांना वाटेल, हे आले आणि आता आमचं काम काढून घेणार.”

“तुम्ही जे घडवता ते आम्ही विकणार नाही. पुढं आमच्या हातून काही वेगळं झालं, तर त्यासाठी दगड काढायचा आणि तासायचा तो तुमच्याच माणसांनी. हे मी श्रेणीच्या सभेत सगळ्यांसमोर बोलेन.”

“ठीक,” बलक म्हणाला. “मग आधी ऐकायला शीक. चांगला दगड टोल्याला खणखणतो. आत चीर असेल तर बद्द वाजतो. हे कळेपर्यंत छिन्नीला हात लावायचा नाही.”

बोधिसत्त्व दोन महिने नुसते दगड वाजवीत बसला. मग त्याला पाटे घडवायला दिले. पहिले चार फुटले. पाचवा पाटा बलकने एका खेड्यातल्या बाईला देऊन टाकला. आठवड्याने ती तो डोक्यावरून परत घेऊन आली.

“कोणी केलाय हा?” तिने विचारले.

“मी केला, बाई.”

“नवीन दिसतोस. हलतो हा. वाटताना एका बाजूला उठतो, सगळी चटणी सांडते. खालून सपाट कर ना जरा.”

खाणीतले लोक मान खाली घालून हसत होते. ज्याच्या हातच्या डब्या परदेशातल्या राण्यांकडे होत्या, तो त्या बाईसमोर उकिडवा बसला आणि पाटा उलटा करून पाहू लागला. ती बरोबर सांगत होती. त्याने तो तासून दिला आणि ती गेल्यावर बलकला विचारले, “तुला आधीच दिसलं होतं ना?”

“दिसलं होतं,” बलक म्हणाला. “मी सांगितलं असतं तर तू विसरला असतास.”

घरी त्याची पत्नी भद्रिका त्याच्या तळहातांवरच्या फोडांना तेल लावीत असे. एकदा ती म्हणाली, “वीस वर्षं मी तुम्हाला घागर उचलू दिली नाही, बोटं जड होतील म्हणून.” तो म्हणाला, “झाली जड.” त्यावर ती थोडी हसली. दुसऱ्या दिवशी तीच आळीतल्या बायकांना घेऊन खाणीवर गेली, कारण कोरलेले घासून गुळगुळीत करण्याचे काम आळीत बायकाच करीत आल्या होत्या.

ज्येष्ठक रोज धुळीने माखून बाजारातून जातो, हे आळीला आधी लाजिरवाणे वाटले. मग एकेक जण त्याच्या मागे येऊ लागला. वर्षाअखेरीस चाळीस माणसे खाणीत होती. धान्य सरत आले होते. बलकच्या लोकांनी दंतकारांना मजुरीवर घेतले, म्हणून चुली चालू राहिल्या; पण ती पाथरवटांची मजुरी होती, आणि तीही त्यांनी आपल्या पोटाला चिमटा काढून दिलेली.

याच सुमारास राजाने नगरीबाहेरच्या मोठ्या तलावाला कठडा बांधायचे ठरवले. बोधिसत्त्वाने त्यावर कोरलेल्या हंसांच्या रांगा घालण्याची परवानगी मागितली. राजा म्हणाला, आधी एक शिळा करून दाखवा. दंतकारांनी हंस कोरले. ते सुरेख दिसत, पण त्यांच्या माना तुटत. कधी कोरताना तुटत, कधी शिळा उचलताना. नऊ शिळा वाया गेल्या.

बोधिसत्त्व सोमिलच्या घरी गेला. महिन्यातून एकदा तो तसा जातच असे. बहुतेक वेळा दोघे न बोलता बसत आणि तो परत येई. या वेळी तो म्हणाला, “काका, आमच्या हंसांच्या माना तुटतात.”

“दगड तो. तुटणारच.”

“का तुटतात ते मला कळत नाही. दगडाचा दोष म्हणावा तर बलकनं प्रत्येक शिळा वाजवून घेतलेली आहे.”

सोमिल चिडला. “हे हात तयार व्हायला तीस वर्षं लागली. आता बासष्टाव्या वर्षी मी नवशिक्या होऊन दगड बडवू? माझ्या हातून पाटे हलले म्हणजे लोकांनी हसायचं, तसं?”

“माझे हलले. लोक हसले,” बोधिसत्त्व म्हणाला. “तुम्ही बडवू नका. नुसतं येऊन बघा. मला खरंच अडलंय.”

बोधिसत्त्व त्याचे मन राखायला हे बोलत नव्हता. ते सोमिलला कळले असावे, कारण दुसऱ्या दिवशी तो काठी टेकीत खाणीवर आला. कोणाशी काही न बोलता तो तुटलेल्या शिळांमधून फिरला. तुटलेली एक मान उचलून त्याने डोळ्यांजवळ धरली.

“तुम्ही अजून हस्तिदंतच कोरताय,” शेवटी तो म्हणाला. “हस्तिदंत चिवट असतो, तो बारीक मान धरून ठेवतो. दगडात चिवटपणा नाही, वजन आहे. मान हवेत सोडली की ती जाणारच. हंस मागं वळून पाठीवरची पिसं साफ करतोय, असा काढा. मान अंगाला टेकलेली राहील.”

बलक पुढे आला आणि त्याने आपली छिन्नी सोमिलपुढे धरली. म्हाताऱ्याने ती घेतली, हातात तोलून पाहिली आणि हळूच विचारले, “धरायची कशी?”

ती शिळा राजाला आवडली. तलावाचा कठडा पुरा व्हायला सहा वर्षे लागली. दगड पाथरवटांनी काढला आणि तासला, दंतकारांनी कोरला, बायकांनी घासला. मग इतर नगरांतून बोलावणी येऊ लागली आणि दोन्ही आळ्या पोटभर जेवू लागल्या. बोधिसत्त्वाचा स्वतःचा हात दगडात शेवटपर्यंत मध्यमच राहिला. त्याच्याहून चांगले कोरणारे दहा-बारा जण होते, आणि कोणी विचारले तर तो त्यांची नावे सांगे.

नवव्या वर्षी मणिभद्राच्या बंदराजवळचे रान रिकामे झाले. गेलेल्या तीस कुटुंबांपैकी अकरा परतली. बोधिसत्त्वाने त्यांना काही विचारले नाही. त्याने त्यांना दगड वाजवायला बसवले. शालवतीच्या रानात हत्तींचे कळप परत आले, पण तोवर बोधिसत्त्व हयात नव्हता.

ही गोष्ट शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, जेतवन विहारात एका वृद्ध भिक्खूला सांगितली. तो पूर्वी नावाजलेला आचार्य होता. उतारवयात तो संघात आला, आणि आपल्याआधी दीक्षा घेतलेल्या तरुण भिक्खूंकडून नियम शिकणे त्याला जड जात होते. ते त्याने तोंडाने कबूलही केले होते.

गोष्ट संपल्यावर शास्त्यांनी त्या जन्मीच्या माणसांची ओळख सांगितली. अरिंदम राजा तो आताचा आनंद. पाथरवट बलक तो सारिपुत्त. भद्रिका ती राहुलमाता. दोन आळ्यांतले लोक ते आजचा हा संघ, आणि ज्येष्ठक रेवतक तो मीच. मणिभद्र कोण होता, ते त्यांनी सांगितले नाही. “आणि सोमिल,” ते त्या वृद्ध भिक्खूकडे वळून म्हणाले, “सोमिल तू होतास. तेव्हाही तुला उशीर झाला होता, आणि तेव्हाही तू आलास.”

वृद्ध भिक्खू उठून मागे बसलेल्या एका तरुण भिक्खूपाशी गेला, त्याला वंदन केले आणि त्याच्या पलीकडे, शेवटच्या जागेवर जाऊन बसला.

या कथेत आहे ती नैष्क्रम्य पारमिता, म्हणजे बोधिसत्त्वाने पूर्णत्वाला न्यायच्या गुणांपैकी त्यागाचा गुण. घरदार सोडणे म्हणजे नैष्क्रम्य, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. आपल्याला जे सर्वांत उत्तम येते ते खाली ठेवणे, हेही नैष्क्रम्यच होय.