न चिकटलेला पंखा

हेलिकॉप्टरं खोक्यात सुट्ट्या तुकड्यांनी नांदायची, त्या काळची ही गोष्ट. इरावतीने सैनिक वाहून नेणाऱ्या, जोडून बनवायच्या खेळण्यातल्या हेलिकॉप्टरचं खोकं उघडलं, आणि गोंदाच्या ट्यूबला, म्हणजे गोंदकाकांना, जोर चढला. चाकं चिकटली, दारं चिकटली. शेवटी पंखा उरला.

"ये, चिकटून घे एकदाचा," काका म्हणाले. "या सगळ्यांचं भलंच झालं ना?"

"मग मी फिरू कसा?"

"फिरायचं काय खूळ? आमच्या काळात असलं कुणी विचारत नव्हतं."

पंखा सूचनांच्या कागदाकडे वळला. "आजोबा, तुमच्यावर काय लिहिलंय?"

आजोबांनी घडी आवळली. "लिहिलंय, पंख्याच्या दांड्याला गोंद लावू नये. पण काकांना वाईट वाटेल, म्हणून गप्प आहे."

"म्हणजे तुमच्या भिडेपायी मी जन्मभर ताटकळू?" असं म्हणत पंखा सरळ कागदावर घसरला आणि घडी उलगडली.

इरावतीने ती ओळ वाचली, ट्यूबला टोपण लावलं आणि पंखा कोरडाच बसवला. मग गाल फुगवून तिने अशी फुंकर मारली, की त्याची गरगर बघून चिकटलेल्या चाकांनाही हसू फुटलं.

"पडशील," टोपणाखालून काका बजावत होते. पंख्याला ऐकू येईना. वारा फार होता.