मागून ओढलेले उपरणे

पूर्वी गोदेकाठच्या एका नगरात एक राजा राज्य करीत होता. त्याचे त्याला करू द्या. आपले काम वेशीबाहेरच्या कुंभाराशी. त्या जन्मी बोधिसत्त्व म्हातारा कुंभार होता. दात पडलेले, आणि कानाशी ओरडले तरच ऐकू येणार.

तिथली रीत अशी, की भट्टीतून निघालेले मडके घरातल्या वडीलधाऱ्याने पाटावर बसून टिचकीने वाजवायचे, मगच ते गिऱ्हाइकाच्या हाती. कान गेले की पाट गेला. मग अंगणात कोंबड्या हाकायच्या! म्हाताऱ्याला कोंबड्या मुळीच आवडत नसत. म्हणून त्याने नात रोहिणीशी संगनमत केले. आजा टिचकी मारी, ती मागे बसून ऐके. मडके टिचलेले असले की हळूच उपरणे ओढी. आजा गंभीरपणे म्हणे, "हे नको." लोक म्हणत, "काय कान आहे म्हाताऱ्याचा!" रोहिणी तोंडावर हात ठेवून हसे.

एकदा व्यापाऱ्यांच्या तांड्याचा नायक आला. पुढची वाट निर्जळ. बैलांचे, बायकापोरांचे पाणी याच मडक्यांत जायचे. आजाने टिचकी मारली. उपरणे ओढले गेले नाही. "उत्तम" म्हणायला त्याने तोंड उघडले आणि सहज मागे पाहिले.

मागे कोणीच नव्हते! मुलगा तिष्य याने पोरीला चिखल तुडवायला नेले होते.

"उत्तम" म्हटले तर पाट राहतो. पण मडके वाटेत गळले तर? म्हाताऱ्याने ते खाली ठेवले.

"नायका, मला ऐकू येत नाही. ऐकते नात, मी नुसता मिरवतो."

तिष्य धावत आला. "बाबा, चारचौघांत नाक कापलंत!" हे म्हाताऱ्याला ऐकू आले नाही, बरेच झाले. मागोमाग आलेल्या रोहिणीला त्याने पाटावर बसवले आणि गुमान कोंबड्यांकडे निघाला.

तिने चिखलाच्या बोटाने मडके वाजवले. बद्द आवाज आला. टिचलेलेच होते! नायकाने घाम पुसला.

तोच आजाचे उपरणे ओढले गेले. रोहिणी त्याच्या कानाशी ओरडली, "आजा, चाललास कुठे? टिचलं ते मला कळतं. का टिचलं ते कोण सांगणार? बैस मुकाट्यानं!"

म्हाताऱ्याने तडा चाचपला. "माती नीट तुडवलेली नाही," म्हणत त्याने लेकाकडे पाहिले. तिष्य भाजल्या मडक्यासारखा लाल झाला.

नायकाने सगळी मडकी तिथूनच घेतली. तेव्हापासून पाटावर दोघे बसू लागले. कोंबड्या तिष्य हाकी.

तेव्हाचा तिष्य तो आताचा भिक्षू उदायी, रोहिणी ती भिक्षुणी उत्पलवर्णा, आणि बहिरा कुंभार ते स्वतः तथागत. इथे सत्याची पारमिता, म्हणजे खरेपणाची पराकाष्ठा, पुरी झाली. आणि टिचलेले मडके कोण, म्हणता? ज्याने त्याने स्वतःलाच टिचकी मारून पाहावी. ऐकू आले नाही, तर मागे एक नात बसवावी.