कानात विचारलेला प्रश्न

देवीला विचारल्याशिवाय राजे लढाईला निघत नसत, त्या काळची ही गोष्ट. असीरियात इश्तार देवीचं मोठं देऊळ होतं. तिथली रीत अशी, की पुजारी राजाचा प्रश्न मेंढीच्या कानात सांगायचा, मग तिला कापून तिच्या काळजावर देवीचं उत्तर वाचायचा. नदीकाठच्या कळपातून मेंढ्या आणायचं काम देवळातल्या एडक्याचं. म्हणून तर तो म्हातारा होईपर्यंत जगला होता.

एकदा पुजाऱ्यानं एका कोवळ्या मेंढीच्या कानात विचारलं, "राजानं नदीपलीकडे स्वारी करावी का?"

"नको," मेंढी पटकन म्हणाली. "नदीला पूर आलाय. सगळे बुडतील."

पुजारी चपापला. "तुला कुणी विचारलं?"

"तुम्हीच की! आत्ता, कानात!"

"उत्तर काळजात असतं, तोंडात नाही." त्यानं सुरी उचलली.

मेंढी एडक्याकडे वळली. "आजोबा, काल तुम्हीच मला तिथून आणलंत. पाणी बघितलंत ना? सांगा की!"

एडक्यानं पाणी बघितलं होतं. तो म्हणाला, "बाळ, मोठ्यांना उलट बोलू नये."

मेंढी कापली गेली. काळीज लालबुंद, निरोगी निघालं. "देवी प्रसन्न आहे," पुजारी म्हणाला. राजा निघाला आणि अर्धी फौज पुरात वाहून गेली.

वाचलेले सैनिक रडत देवळात आले, तेव्हा पुजारी म्हणाला, "मेंढीच खोटी निघाली."

"हल्लीची पोरं, दुसरं काय," एडका म्हणाला आणि पुढची मेंढी आणायला गेला.