आठ बरण्यांचा चौरंग

डोंगराच्या कुशीत एक गाव होते. त्या गावात म्हाळसाबाई नावाची वैद्यीण राहत असे. तिच्याकडे औषधांच्या बरण्या होत्या साठ, पण ज्या चौरंगापाशी बसून ती औषध खलायची, त्यावर मावायच्या फक्त आठ. बाकीच्या तळघरात. नवी बरणी वर आणायची तर आधी चौरंगावरची एक खाली न्यावी लागे. जिला बराच वेळ हात लागला नाही, तीच ती न्यायची. कोणती बरणी कुठल्या फळीवर, हे तिने खडूने भिंतीवर लिहून ठेवले होते. त्यामुळे एरवी तिचे कधी अडले नाही.

एका वर्षी गावात तापाची साथ आली. सकाळीच अंगणात नऊ रोगी येऊन बसले, सगळ्यांत आधी गावचे पाटील. कोणाला थांबा म्हणणे तिच्या जिवावर येई. तिने सगळ्यांचीच औषधे एकदम खलायला घेतली.

मग झाले असे, की एकाची सुंठ वर आणावी तर दुसऱ्याची गुळवेल खाली न्यावी लागे. आणि वर येऊन बसावे, तर नेमकी गुळवेलच हवी असे. दुपार झाली. चढून-उतरून बाईचे गुडघे भरून आले, पण एकाच्याही हाती पुडी पडली नव्हती.

"बाई, पोराचं अंग तव्यासारखं तापलंय हो," कुंभारीण रडकुंडीला येऊन म्हणाली.

म्हाळसाबाई जिन्यातच थबकली. आपला सगळा दिवस जिन्यावरच गेला, हे तिला उमगले. एकट्या पाटलांच्या चूर्णाला सहा बरण्या लागत होत्या, आणि त्यांना ताप नव्हता, जुनी सांधेदुखी होती. पण गावच्या पाटलाला थांब कसे म्हणायचे? तरी ती अंगणात आली.

"पाटील, तुमचं औषध आता बाजूला ठेवते."

"मी सगळ्यांच्या आधी आलोय!" पाटील कडाडले. "मला हाकलतेस?"

"नाही हो. जेवढं खललंय, तेवढं चिठ्ठी लावून जपून ठेवते. जिथं थांबलं, तिथूनच पुढं सुरू करीन."

पाटलांनी तोंड फिरवले, पण ते उठले नाहीत. बाईने त्यांच्या सहाही बरण्या खाली नेल्या आणि उरलेल्यांपैकी दोघा-दोघांचीच औषधे हाती घेतली. पहिली पुडी कुंभारणीला दिली.

ऊन उतरायच्या आत आठही जण औषध घेऊन घरी गेले. मग पाटलांच्या बरण्या वर आल्या. अर्धे चूर्ण होते तसेच होते.

"राग आला होता मला," पाटील म्हणाले. "वाटलं, विसरलीस."

इतक्यात कुंभारीण धावत आली. पोराला घाम सुटला होता, ताप उतरत होता.

तात्पर्य: माणसाचा चौरंग असो की संगणकाची मेमरी, जागा थोडी असताना सगळेच एकदम हाती घेतले तर काहीच पुरे होत नाही. काहींना थांबवावे, पण विसरू नये.