चेअरमनचं सुतक

आमच्या माळावर दर साली झाडं लावायला कोन येतं, सांगा बरं? चेअरमन उत्तमनाना! नारळ फोडायचा, रोप पुरायचं, फोटू काढायचा की गडी पसार. टँकर गावाचा, पन पानी पितंय नानाच्या मंगल कार्यालयाचं गवत. पोरं घागरी वाहून थकली, तरी मागची समदी रोपं जळाली. रक्त खवळंल न्हाई तर काय!

औंदा पुन्हा मांडव घातला. नाना माईकवर गरजला, "ही झाडं म्हंजी माझी पोटची लेकरं!"

तशी पोरांची म्होरकी, कुंभाराची प्रांजल, तरातरा गेली अन् नानाच्या हातातला नारळच काढून घेतला.

"नाना, शुभकार्याला हात लावू नका. तुमाला सुतक हाय."

"कुनाचं गं? माझ्या घरी समदे ठणठणीत हायेत!"

"त्या काटक्या दिसत्यात का? परवाच शेवटचं रोप गेलं. लेकरं पान्यावाचून मेली, अन् बाप नारळ फोडतोय व्हय?"

लेकरं माझी न्हाईत असं नानानं म्हनावं, तर आत्ताच माईकवर बोललेला! मी मागनं आरोळी ठोकली, "नाना, डोकं भादरायला बसताय का? वस्तरा आनतो!"

नाना लालेलाल. "मग आता मी करू तरी काय?"

प्रांजल म्हनली, "नारळ आमी फोडतो. तुमी टँकर बोलवा. सुतकात तहानलेल्याला पानी पाजायला बंदी न्हाई."

अन् टँकर माळावर येईस्तोवर पोरांनी नानाला मांडवाबाहेर पाऊल टाकू दिलं न्हाई.